ट्रॅम पकडायची, पण दोन स्टॉप पुढे जाऊन

पानगळ म्हटली की आपल्याला शिशिर आठवतो. माघ-फाल्गुनातले करडे डोंगर आणि उघडीबोडकी झाडं. वॉर्सात पानगळ येते ती आपल्या शरदात. नवरात्रात मेपलची पानं पिवळी पडू लागतात आणि दिवाळीपर्यंत फुटपाथ त्यांनी झाकून जातात. पोलिश लोक या दिवसांना ‘सोनेरी शरद’ म्हणतात. नोव्हेंबरचं त्यांच्या भाषेतलं नाव तर ‘लिस्तोपाद’, म्हणजे सरळ सरळ पानगळच.

थंडी वाढली आणि दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं उपयोगी ते परत घेतं. हिरवा रंग ओसरल्यावर पानात आधीपासूनच असलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात. थोडक्यात, येणाऱ्या अंधाराची तयारी झाडं सप्टेंबरातच सुरू करतात. मी केली नव्हती.

पहिल्या वर्षी हा सगळा सोहळा मी ट्रॅमच्या काचेतून पाहिला. घराखालच्या स्टॉपवर चढायचं, पोनियातोव्स्की पुलावरून व्हिस्ला नदी ओलांडायची, ऑफिसच्या दाराशी उतरायचं. परतताना काळोख. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझी अवस्था अशी झाली, की अलार्म वाजूनही उठवेना, गोड खाल्ल्याशिवाय दुपार ढळेना आणि शनिवार-रविवार अंथरुणातच जाऊ लागले. एके दिवशी तिकीट काढलं, पण डब्यातल्या यंत्रात ते पंच करायचं राहिलं आणि नेमका तपासनीस आला. चूक माझीच होती, दंड भरला. पण त्यानंतर भर ट्रॅममध्ये रडू कोसळलं, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळलं. घरच्यांना वाटलं, आठवण येत असेल. मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, “दिवसाउजेडी बाहेर किती वेळ असता?” हिशेब केला तर उत्तर आलं, जेमतेम दहा मिनिटं.

वॉर्सा 52 अंश उत्तर अक्षांशावर आहे. शरदात इथला दिवस रोज चारेक मिनिटांनी, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्ध्या तासाने आखडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्य सव्वाचारलाच मावळू लागतो. डिसेंबरच्या मध्यावर तर साडेतीनच्याही आत. पुण्यातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो; इथला पावणेआठ तासांचा.

इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांचा एक घोटाळा हमखास होतो, माझाही झाला. ‘ऊन कमी, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी, म्हणजे गोळी घेतली की झालं,’ असं आपण धरून चालतो. खरं तर उजेडाची गरज दोन ठिकाणी असते, त्वचेला आणि डोळ्यांना, आणि या दोन गरजा वेगवेगळ्या आहेत.

त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला सूर्याची यूव्हीबी किरणं लागतात. ऑक्टोबर ते मार्च इथे सूर्य इतका कलता असतो, की ही किरणं वातावरणातच अडतात. उरलीसुरली खिडकीची काच अडवते. त्यात आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन त्यांतला बराच वाटा शोषतं. म्हणजे शरदात कितीही हिंडलं तरी ही गरज भागत नाही. ती गोळीतून किंवा मासळीतून भागवावी लागते. पोलंडमधले तज्ज्ञ प्रौढांना या महिन्यांत साधारणपणे रोज 1000 ते 2000 युनिट घ्यायला सांगतात. माझी तपासणी झाल्यावर आईने पुण्याहून 60,000 युनिटचे सॅशे पाठवायची तयारी केली होती. ते ठरावीक आठवड्यांसाठी आणि डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यायचे असतात. मनाने घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सॅशे पुण्यातच राहिले.

डोळ्यांचं गणित निराळं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की ज्यांचं मुख्य काम पाहणं नसून ‘उजाडलं’ हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे असतं. तो निरोप पुरेसा गेला नाही की झोप-जागेचं चक्र सरकतं आणि काहींचं मनही खचतं. अशा ऋतुनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या ऑफिसात 300 ते 500 लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा काही हजार. ही तूट गोळीने भरून निघत नाही. त्यासाठी बाहेरच पडायला हवं.

म्हणून आता मी सकाळी घराजवळच्या स्टॉपवर चढत नाही. स्कारिशेव्स्की पार्कमधून वीस मिनिटं चालते आणि दोन स्टॉप पुढे, पुलाच्या अलीकडे ट्रॅम पकडते. पार्कात तांबूस खारी असतात. त्यांना इथली माणसं ‘बाशा, बाशा’ म्हणत हातावरचे अक्रोड दाखवतात, आणि त्या खरंच येतात. ऑक्टोबरात वाटेवर चेस्टनटच्या चकचकीत बिया पडलेल्या असतात. त्या खायच्या नसतात, पण खिशात एखादी सापडतेच. डिसेंबरात सकाळचा उजेड फिका असतो, मग जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एक फेरी. एवढ्याने सगळ्यांचंच भागतं असं नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल तर डॉक्टर गाठावेत. सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे, पण डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी तो विचारल्याशिवाय करू नये.

अंधाराशी जमवून घ्यायला इथल्या लोकांकडूनच शिकले. गावाबाहेरच्या रस्त्यावर अंधार पडल्यानंतर चालताना अंगावर चमकणारी पट्टी लावणं 2014 पासून सक्तीचं आहे. शहरात सक्ती नाही, तरी मी ती बॅगेला लावते. गडद कोटातला माणूस ड्रायव्हरला फार उशिरा दिसतो. 1 नोव्हेंबरला सगळं शहर आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला निघतं. त्या दिवसांत ‘सी’ अक्षराच्या जादा बस दफनभूमींकडे सुटतात. मी पहिल्यांदा त्या गर्दीबरोबर गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती, आणि नजर जाईल तिथवर पणत्यांसारखे दिवे होते.

घड्याळं मागे गेली की आपल्यात आणि वॉर्सात साडेचार तासांचं अंतर पडतं. दुपारी साडेबाराला मी बागेत फेरी मारत असते, तेव्हा पुण्यात पाच वाजलेले असतात आणि आई चहा घेत असते. परवा फोन फिरवून तिला सगळी पिवळी झाडं दाखवली. तिने ती नीट पाहिली आणि म्हणाली, “छान आहेत गं. पण टोपी कुठाय तुझी?”