सावळ्या रंगाची किंमत

मुलीचा रंग हा बऱ्याच मराठी घरांत तिच्या जन्माआधीच चर्चेला येतो. बाळ गोरे व्हावे म्हणून गरोदर बाईला केशर घातलेले दूध दिले जाते. बाळ जन्मले की कानांच्या कडा न्याहाळून पुढे रंग कसा होईल याचे भाकीत होते. मग डाळीचे पीठ आणि साय, उन्हात खेळू नकोस, चहा प्यायलीस तर काळी होशील. ही शेवटची धमकी मुलग्यांनाही मिळते, पण त्यांच्या बाबतीत ती चहापासून दूर ठेवण्यापुरतीच असते. मुलीच्या बाबतीत मात्र ती मनापासून दिलेली असते. शाळेत पाऊल टाकण्याआधीच तिला कळलेले असते की आपल्या शरीराकडे पाहून लोक मत देतात, आणि ते मत आपल्या विरुद्धही जाऊ शकते.

लग्न ठरवताना या मताला आकडा लागतो. बायोडेटात जन्मवेळ, गोत्र, उंची यांच्या रांगेत ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द भरायचा असतो. ‘काळा’ कोणी लिहीत नाही. तिथे सावळा लिहितात, सावळ्याच्या जागी गव्हाळ, आणि वाचणाराही तेवढी वजावट करूनच वाचतो. मुलाच्या बायोडेटातही हा रकाना असतो, पण डोळे आधी पगाराच्या रकान्याकडे जातात. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमानंतर ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य कौतुक म्हणून बोलले जाते. नकार कळवताना रंगाचे नाव सहसा घेत नाहीत, पत्रिका जुळत नाही असे सांगतात. हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद झाला, तरी मुलीचा रंग कमी म्हणून मानपान वाढवून मागण्याची वृत्ती त्याने गेली नाही.

मुलीला सर्वांत जास्त टोकणारी माणसे बहुधा तिची आई, मावशी, आत्या असतात, आणि ती टोकतात ती बहुतेक वेळा काळजीपोटी. बाजार कसा चालतो हे त्यांनी अनुभवलेले असते. नकारांची यादी लांबली की आई हळद-दुधावरून पार्लरकडे आणि पार्लरवरून मेडिकलच्या दुकानाकडे वळते. तिचे वागणे अडाणीपणाचे म्हणणे सोपे आहे. ज्या व्यवहारात ती उभी आहे त्याच्या हिशेबाने ते सुसंगत आहे.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी कोणत्या प्रकारचे आणि किती मेलॅनिन बनवतात यामुळे. हे बरेचसे आनुवंशिक असते आणि त्यात अनेक जनुकांचा वाटा असतो. त्यांपैकी एसएलसी२४ए५ या जनुकावर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह काम केले. भारतीयांच्या रंगातील वैविध्याचा एक भाग या जनुकातील एका बदलाशी जोडलेला असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले. सख्ख्या बहिणींत एक गोरी आणि एक सावळी निपजते ती अशा जनुकांच्या वाटपामुळे. उन्हाने काळवंडलेली त्वचा काही आठवड्यांत मूळ रंगावर येऊ शकते, पण जन्मजात रंग कोणत्याही क्रीमने कायमचा बदलत नाही. आणि ज्या मेलॅनिनची एवढी चीड, तेच अतिनील किरणांपासून रक्षण करते.

गोरेपणाची ओढ इंग्रजांनी आणली असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. उन्हात राबणारा देह आणि सावलीत बसणारा देह हा भेद त्यांच्या आधीपासूनचा आहे, आणि त्याला जातीची जोड मिळालेली आहे. महाराष्ट्रात कोकणस्थांच्या गोऱ्या रंगाचे आणि घाऱ्या डोळ्यांचे जे कौतुक चालते, त्यात रंगाबरोबर प्रतिष्ठाही मोजली जाते. इंग्रजी अमलाने या उतरंडीवर राज्यकर्त्यांचा रंग आणून बसवला. गंमत अशी की विठ्ठल सावळा, राम सावळा, कृष्ण सावळा, आणि द्रौपदीचे तर एक नावच कृष्णा. पंढरीच्या वारीत सावळ्या रूपाचे गुण गाणाऱ्या घरांनाही सून मात्र उजळ लागते.

या ओढीचा मोठा धंदा झाला तो १९७५ पासून. त्या वर्षी हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम बाजारात आणली. जाहिरातींची गोष्ट ठरलेली असे: सावळी मुलगी खिन्न, मग क्रीम, मग उजळ चेहरा आणि त्यापाठोपाठ नवरा किंवा नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने केलेल्या तक्रारींनंतर २००३ मध्ये अशा काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. २००५ मध्ये पुरुषांसाठीही क्रीम आली. रंगामुळे कोणाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०१४ मध्ये घातले. २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाची झळ इकडे पोहोचली. क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला, आणि परदेशस्थ भारतीयांच्या मागणीनंतर एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. छायाचित्र पाहून गाळण्याची सोय अर्थातच राहिली.

पडद्यावरचे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. सावळ्या स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत होत्या आणि पुढे ‘भूमिका’ व ‘चक्र’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यानंतर चार दशकांनी, २०१९ मध्ये, सावळ्या मुलीची कहाणी सांगणारी ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली. तिच्या नायिकेला मेकअपने सावळे केलेले होते. सावळेपणाच्या अपमानावर आधारलेल्या कथेलाही सावळा चेहरा घ्यावासा वाटला नाही.

कायद्याच्या दरबारात रंगावरून मारलेल्या टोमण्यांना काय म्हणायचे, हे ठरलेले नाही. सातारा सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये एका विवाहितेच्या आत्महत्येप्रकरणी पतीला दिलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली. काळ्या रंगावरून बोलणे हा संसारातला कलह असू शकेल, पण फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेला छळ नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले.

टोमणे आत कसे मुरतात याचे एक स्पष्टीकरण बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अॅन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडले. ज्या समाजात बाईच्या देहाकडे सतत बघितले जाते, तिथे ती स्वतःकडेही बघणाऱ्याच्या नजरेने पाहू लागते. ही पहारेदारी थकवणारी असते. तिच्यातून लाज आणि चिंता वाढते, हातातल्या कामातले लक्ष उडते, आणि भूक, थकवा यांसारख्या आतून येणाऱ्या खुणा कमी जाणवतात. नैराश्याचा आणि खाण्याच्या विकारांचा धोका यातूनच वाढतो, असे त्यांचे म्हणणे. रंगाच्या बाबतीत हे रोजच्या बारीकसारीक गोष्टींत उतरते. ‘हा रंग तुला खुलणार नाही’ म्हणून गडद पिवळी साडी दुकानातच परत ठेवली जाते, ग्रुप फोटोत मागची रांग धरली जाते, उन्हातला खेळ सोडला जातो. पुण्यातल्या दुचाकीस्वार मुली स्कार्फ आणि सनकोट घालतात त्याला धूळ, ऊन, ओळख लपवणे अशी अनेक कारणे आहेत. टॅन होऊ नये हे त्यांपैकी एक. अशा मुलीला ‘आत्मविश्वास ठेव’ असा सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण किंमत ठरवणारे दुसरेच असतात.

शरीराचे नुकसान अधिक ठोस आहे. गरोदरपणात किंवा नंतर गालांवर वांग येतो. त्यावर कोणीतरी ओळखीचे, दुकानदार किंवा पार्लरवाली, एक ट्यूब सुचवते. तिच्यात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड एकत्र असते. हे मिश्रण डॉक्टरच्या देखरेखीखाली थोड्या काळासाठी वापरायचे औषध आहे. रोज लावायची फेअरनेस क्रीम नव्हे. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, म्हणून विश्वास बसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली.

त्याहून घातक म्हणजे पारा. मेलॅनिन तयार करण्यासाठी लागणाऱ्या विकराला तो अडवतो, म्हणून नियमात न बसणाऱ्या काही क्रीममध्ये वापरला जातो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाल्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा आढळला. २०२३ मध्ये ही बातमी गाजली. केरळच्या मलप्पुरम भागातही त्याच सुमारास असे रुग्ण आढळले.

रंगाकडेच पाहण्याच्या सवयीने खऱ्या आजाराच्या खुणाही निसटतात. किशोरवयीन मुलीची मान आणि काखा मखमली काळपट होणे हे बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते. पुढे मधुमेहाचा धोका सांगणारे. घरात तो काळपटपणा मळ समजून लिंबू आणि दगडाने घासला जातो. उलट बाजूने, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुलीच्या गालाचा रंग रोज पाहणारे घर तिची पापणी खाली ओढून आतला रंग सहसा पाहत नाही.

स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्यावर उपचार आहेत, पण ते सबुरीने घ्यावे लागतात. क्रीम बंद केली की पहिले काही आठवडे लाली, आग आणि पुरळ वाढते. चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ क्रीम काही वेळा टप्प्याटप्प्याने सोडायला सांगतात, सनस्क्रीन आणि सौम्य मलमे देतात आणि काही महिन्यांचा काळ लागेल हे आधीच स्पष्ट करतात. उपचार मध्येच सोडून त्याच ट्यूबकडे परतणाऱ्यांमध्ये अशा मुलीही असतात, ज्यांना त्या महिन्यांतच कोणी पाहायला येणार असते.