कोरफड की घायपात?

लोणीसारख्या कमी पावसाच्या गावात बांधावरचा घायपात आणि अंगणातली कोरफड यांत गल्लत होऊ शकते. दोन्हींची जाड, काटेरी पाने बुंध्याशी गोलाकार गुच्छात वाढतात. घायपात मूळचा अमेरिकेतला, कोरफड अरबस्तानातली. साम्य आहे ते कोरड्या हवेमुळे. दोन्ही वनस्पती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लरूपात साठवतात, त्यामुळे पाणी वाचते.

घायपाताचा रस त्वचेला लागल्यास आग होते. म्हणून गर लावण्यापूर्वी ओळख पक्की हवी. घायपाताच्या पानाच्या टोकाला सुईसारखा टणक काटा असतो, आत चिवट तंतू असतात. कोरफडीच्या पानात तंतू नसतात, पारदर्शक गर असतो. कोरफड पुन्हापुन्हा फुलते. घायपाताचा गुच्छ एकदाच उंच दांडा काढून फुलतो आणि मरतो.

शाळेत कोरफडीचा फुटवा लावावा; पाणी मात्र साचू देऊ नये.