विषाणू न वाढवता पकडण्याची कला

विषाणू ओळखायची जुनी रीत म्हणजे तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढवायचा आणि मग पाहायचा. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या रीतीला दाद देत नाही. अस्तराच्या पेशी थराथराने पक्व होतात तसतसा तो घडत जातो. साध्या काचेच्या बशीत त्याला ते जमत नाही. मग मिलिमीटरच्या अठरा हजाराव्या भागाएवढा हा विषाणू सापडायचा कसा? त्याच्या सुमारे 8000 अक्षरी, वर्तुळाकार डीएनएवरून!

मला यातली सर्वांत देखणी वाटते ती ‘हायब्रिड कॅप्चर’ चाचणी. गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात अल्कली घातली की डीएनएचे जोडधागे सुटे होतात. द्रावण गडद जांभळं असतं. मग त्यात एचपीव्हीच्या 13 धोकादायक, म्हणजे कॅन्सरला कारण ठरणाऱ्या प्रकारांशी जुळणारे आरएनएचे तुकडे सोडायचे. जांभळा रंग पालटून पिवळा होतो. 65 अंशांवर तासभर ठेवलं की ज्याला त्याला आपला जोडीदार सापडतो. एक धागा विषाणूचा, एक आपण घातलेला. आता येतात अशी प्रतिपिंडं, ज्यांना अक्षरांशी काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त डीएनए-आरएनए जोडीची ठेवण कळते. ती जोडीला धरून ठेवतात, दुसरी प्रतिपिंडं सोबत विकर घेऊन चिकटतात, आणि शेवटी यंत्र मोजतं तो चक्क प्रकाश.

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात हीच चाचणी वापरली गेली. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. 2009 साली निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच खेड्यांतल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा!

पण तो प्रकाश ‘तेरांपैकी कोणीतरी आहे’ एवढंच सांगतो. नेमका कोण, हे कळायला पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, लागतं. एल-वन या जनुकात इतर सगळ्या ज्ञात प्रकारांपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक फरक असला तरच नवा प्रकार मानतात. या जनुकाचे काही तुकडे बहुतेक प्रकारांत सारखे असतात. तिथे पकड घेऊन मधल्या वेगळ्या मजकुराच्या प्रती काढायच्या. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर! मग त्या प्रती एका पट्टीवर सोडायच्या. तिच्यावर प्रत्येक प्रकाराची खूण आधीच बसवलेली असते. जुळेल तिथे रेघ उमटते, कधी एकाच नमुन्यात दोन-तीन. विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी 1983 साली यांतला 16 क्रमांकाचा आणि पुढच्याच वर्षी 18 क्रमांकाचा प्रकार जगापुढे आणला. गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळेच होतात.

अनेक चाचण्यांत त्याच नळीत माणसाचं बीटा-ग्लोबिन जनुकही शोधतात. तेही मिळालं नाही, तर ‘विषाणू नाही’ असं लिहीत नाहीत; नमुन्यात पुरेशा पेशीच आल्या नसतील, म्हणून चाचणी अवैध ठरते आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो.