ट्रॉलीचा जोड व त्याची निवड

ट्रॅक्टर घेतांना आमचा बागाईतदार चार गांवीं चौकशी करितो. परंतु ज्या एका पिनेवर त्याचा सारा ऊंस कारखान्यापर्यंत ओढला जातो, ती बहुधा वर्कशॉपांत हातीं लागेल त्या सळईची केलेली असते. आमची स्वतःचीही तशीच होती. एका हंगामांत चढणीवर ती तुटली. साखळी लावलेली होती म्हणून ट्रॉली थांबली. मागून शाळेचीं मुलें सायकलीवर येत होतीं.

दोन ट्रॉल्या जोडणारांनीं साधा हिशेब करावा. दोहोंचें भरलेलें वजन वीस टन धरलें, तर दहा फुटांस एक फूट चढ असलेल्या रस्त्यावर केवळ चढामुळेंच सुमारें दोन टन ओढ पडते. चाकांचा अडथळा व क्लच सोडतांनाचा हिसका निराळाच. ही सारी ओढ पहिल्या जोडावर येते. मागच्या जोडावर ती निम्मी असते, म्हणून कांहीं लोक झिजलेली पिन तेथें सरकवितात. तो जोड सुटला तर ट्रॉली उतारावर मोकळी सुटते, हें ते विसरतात.

हूक घेतांना दुहेरी पात्याचा घ्यावा. पिनेला वरखालीं दोन्हीकडे आधार मिळाला म्हणजे ती सहसा वांकत नाहीं. एकेरी पात्यांत तिचें एक टोंक लोंबतें. पिनेऐवजीं बोल्ट घालूं नये, कारण आट्यांच्या खांचेंतूनच चीर सुरू होते. पिन भोंकांत बेताची बसावी. ढिलेपणा असेल तर प्रत्येक गिअरला हातोड्यासारखा ठोका बसतो, आणि दांडीचा डोळा लांबट होऊं लागतो. असा डोळा वेल्डिंगनें भरून घेण्यापेक्षां बदललेला बरा.

जोडाची उंची हा तर जिवाचा प्रश्न आहे. ओढ मागच्या आंसाच्या मध्यापेक्षां खालींच असली पाहिजे. रुतलेली ट्रॉली काढावयास कोणी आंसाला किंवा तीन-बिंदू जोडणीच्या वरच्या दांड्याला साखळी बांधतात. मग ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचलतात, आणि तो मागें उलटतो. चालकास उडी मारण्याइतकाही अवधि मिळत नाहीं.

भाराविषयीं आमच्या गाडीवानांस शिकविण्याचें कारण नाहीं. गाडी उलार झाली म्हणजे काय होतें, हें बैलांच्या मानेस ठाऊक आहे. एका आंसाच्या ट्रॉलींतही भार आंसाच्या किंचित् पुढें असावा. मागें गेला तर हूक वर उचलला जाऊन ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें घसरतात. फार पुढें आला तर पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणू ऐकत नाहीं. चार चाकी ट्रॉलीचा बहुतेक भार तिच्याच चाकांवर राहतो.

अलीकडे कांहीं शेतकरी पिकअपला लहान ट्रेलर जोडतात. तेथें हुकावर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार असावा. गोळ्याच्या हुकाचा गोळा व त्यावरील टोपी एकाच मापाचीं हवींत; सैल टोपी खड्ड्यांत उडते. गाडी, हूक व गोळा यांच्या क्षमतेचे आंकडे वेगवेगळे असतात. त्यांतील सर्वांत लहान आंकडा खरा धरावा, दुकानदार कोणताही सांगो.

साखळ्या दोन घ्याव्या व दांडीखालून फुलीसारख्या ओलांडून बांधाव्या. जोड सुटला तरी दांडी त्यांच्या झोळींत पडते, रस्त्यांत रुतत नाहीं. वळणापुरती ढील ठेवावी, अधिक नको.