दैनंदिन इंग्रजी वाक्प्रचारांचे अध्यापन : कळवा परिसरातील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील कळवा हे खाडीपलीकडचे उपनगर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात उभ्या राहिलेल्या मुकंद, सीमेन्स यांसारख्या कारखान्यांमुळे या परिसराला रोजगार मिळाला. कारखान्यातील कामगाराचा इंग्रजीशी संबंध येई तो मुख्यतः यंत्रावरील सूचना, नोटीस आणि अर्ज यांपुरता; बोलण्याचा व्यवहार मराठी-हिंदीतच होई. पुढे याच पट्ट्यात ऐरोली परिसरात माहिती तंत्रज्ञान व ग्राहकसेवा क्षेत्रातील कार्यालये आली. तेथील मुलाखतीत आणि नंतरच्या कामात बोललेले इंग्रजी समजणे व तत्काळ उत्तर देणे अपेक्षित असते. वडिलांच्या पिढीला वाचण्यापुरते पुरलेले इंग्रजी मुलांच्या पिढीला पुरत नाही, आणि या बदलात वाक्प्रचारांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप व अध्यापनाची दिशा यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी व इंग्रजी शेजारी ठेवून शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी-शेजारी छापला जात असे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा पाया घातला. या परंपरेने शब्द आणि वाक्यरचना यांचे भक्कम ज्ञान दिले. तिचे मुख्य साधन मात्र भाषांतर हे होते.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० साली पहिलीपासून सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेला विद्यार्थी साधारणतः २०१२ मध्ये पदवी वर्गात आला. म्हणजे आज महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे इंग्रजी हा विषय घेतलेला असतो. तरीही त्याचे बोलणे अडते, ते बहुधा शब्दांच्या अभावी नव्हे, तर शब्दांच्या रूढ जोडणीच्या अभावी.

वाक्प्रचाराचे स्वरूप

वाक्प्रचार म्हणजे असा शब्दसमूह, ज्याचा अर्थ घटक शब्दांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही. 'हात टेकणे' याचा अर्थ हतबल होणे असा आहे; 'कोपर टेकणे' असे म्हटले की तो अर्थ नाहीसा होतो. मराठी भाषकाला हे जन्मजात वाटावे इतके सहज कळते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे (१९४२-४७) दोन खंड भरतील इतकी ही संपत्ती मराठीत आहे. तेव्हा वाक्प्रचार ही संकल्पना विद्यार्थ्याला नवी नसते. नवी असते ती इंग्रजीने केलेली शब्दांची निवड.

इंग्रजीतील या सामग्रीचे अध्यापनाच्या दृष्टीने दोन गट पडतात. पहिला अलंकारिक वाक्प्रचारांचा. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला मानाचे स्थान असले, तरी आजच्या इंग्रजी बोलण्यात ते क्वचितच ऐकू येते. दुसरा गट साध्या, रोजच्या जोडण्यांचा : 'टर्न ऑफ', 'हँग अप', 'गेट ऑफ', 'मेक अ मिस्टेक'. यांत चमत्कृती नसल्यामुळे पुस्तके त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु दैनंदिन व्यवहार चालतो तो यांच्यावरच.

मराठीच्या प्रभावातून होणाऱ्या चुका

दुसऱ्या गटातील चुका नियमबद्ध असतात, कारण त्यांच्यामागे मराठी क्रियापद असते. मराठीत परीक्षा 'देतात', म्हणून 'गिव्ह द एक्झाम'. इंग्रजीत ती 'टेक' करतात. दिवा 'बंद' होतो, म्हणून 'क्लोज द लाइट'. फोन 'ठेवला' जातो, म्हणून 'कीप द फोन'. गाडीतून 'खाली उतरतात', म्हणून 'गेट डाउन फ्रॉम द ट्रेन'. स्वप्न 'पाहिले' जाते, म्हणून 'सी अ ड्रीम'. यांपैकी एकही चूक अज्ञानाची नाही; प्रत्येक चूक मातृभाषेचा तर्क परभाषेला लावल्याची आहे. ही बाब विद्यार्थ्याला समजावून सांगितल्यास त्याचा संकोच कमी होतो आणि चूक दुरुस्त करण्याची किल्लीही त्याच्याच हाती येते.

अलंकारिक गटात मराठीशी असलेले नाते तीन प्रकारचे दिसते. पहिल्या प्रकारात प्रतिमा आणि अर्थ दोन्ही जुळतात : 'आगीशी खेळणे' व 'प्ले विथ फायर', 'जखमेवर मीठ चोळणे' व 'रब सॉल्ट इन द वूंड'. दुसऱ्या प्रकारात अर्थ जुळतो, प्रतिमा बदलते. मराठीत दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इंग्रजीत एकदा चावा बसलेला दुसऱ्यांदा बिचकतो, 'वन्स बिटन, ट्वाइस शाय'. येथे अर्थ सांगितला की काम भागते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. तेथे प्रतिमा जुळते, अर्थ मात्र जुळत नाही. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत मत्सराने अडथळा आणणे. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे. सहकारी आपल्या कामात अडथळे आणतो, ही गंभीर तक्रार एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याने या शब्दांत मांडली, तर ऐकणाऱ्या इंग्रजी भाषकाला ती किरकोळ चेष्टामस्करी वाटेल. 'डोके फिरणे' म्हणजे संतापणे किंवा वेड लागणे; इंग्रजीतील 'टर्न समवन्स हेड' याचा अर्थ यशाने किंवा स्तुतीने हुरळून जाण्याशी निगडित आहे. अशा जोड्यांची स्वतंत्र यादी वर्गात करणे आवश्यक ठरते.

भारतीय इंग्रजीचा प्रश्न

'आउट ऑफ स्टेशन', 'प्रीपोन', 'पास आउट' हे प्रयोग भारतात सर्वत्र रूढ आहेत. त्यांना सरसकट अशुद्ध ठरवणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही. भारतीय व्यवहारात ते अर्थवाही आहेत. मात्र 'आय पास्ड आउट इन २०१९' हे वाक्य परदेशी ग्राहकाला 'मी शुद्ध हरपून पडलो' असे ऐकू येऊ शकते. म्हणून 'येथे चालते' व 'तेथे ग्रॅज्युएटेड म्हणावे' अशी दुहेरी माहिती देणे हितावह आहे.

अध्यापनाची दिशा

पहिली गोष्ट म्हणजे 'ओळखणे' आणि 'वापरणे' यांतील भेद. अलंकारिक वाक्प्रचार ऐकता-वाचताना ओळखता आले तरी पुरे. रोजच्या जोडण्या मात्र तोंडात बसल्या पाहिजेत. उपलब्ध तासिकांची विभागणी या प्रमाणात व्हावी.

दुसरे, शब्दाऐवजी शब्दसमूह हे शिकण्याचे एकक मानावे. मायकेल लुईस यांनी 'द लेक्सिकल अप्रोच' (१९९३) या ग्रंथात हीच भूमिका मांडली आहे. विद्यार्थ्याने वहीत 'मिस्टेक म्हणजे चूक' असे न लिहिता 'मेक अ मिस्टेक' असे संपूर्ण लिहावे.

तिसरे, वाक्प्रचारांची वर्णानुक्रमे यादी न देता त्यांच्यामागील कल्पनेनुसार गट करावेत. लेकॉफ व जॉन्सन यांनी 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' (१९८०) मध्ये दाखविल्याप्रमाणे इंग्रजी भाषक वेळेचा विचार पैशाच्या रूपात करतो : 'स्पेंड', 'सेव्ह', 'वेस्ट'. आजची मराठीही वेळ खर्च करते, वाचवते आणि वाया घालवते. असे साम्य दाखविले की पाठांतराचा भार हलका होतो.

चौथे, मूल्यमापन बदलावे. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला पाठ केलेले वाक्य उत्तर म्हणून चालते. त्याऐवजी प्रसंग द्यावा : गाडी रद्द झाल्यामुळे मुलाखतीला उशीर होणार आहे, कार्यालयात दूरध्वनी करून काय सांगाल? मध्य रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. त्याचे लक्ष थेट 'रनिंग लेट', 'होल्ड ऑन', 'कॉल बॅक' या जोडण्यांकडे जाते.

समारोप

वाक्प्रचार हे भाषेचे अलंकार आहेत, ही समजूत अध्यापनात अडसर ठरली आहे. अलंकार नसले तरी चालते. रोजच्या जोडण्यांवाचून मात्र बोलणे उभेच राहत नाही. मराठी ही या शिक्षणातील अडचण नसून तुलनेचे सर्वांत जवळचे साधन आहे, मात्र ती शब्दशः भाषांतरासाठी न वापरता साम्य-भेद दाखविण्यासाठी वापरली पाहिजे. कळव्यासारख्या परिसरातील ज्या विद्यार्थ्याच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही, त्याला या जोडण्या ऐकण्याचे आणि बोलण्याचे खात्रीचे ठिकाण महाविद्यालयाचा वर्ग हेच असते. तेथील तासिका दुर्मीळ म्हणींच्या यादीत खर्च झाल्या, तर त्याला ती संधी अन्यत्र मिळेलच असे नाही.