वाळू थोडी मळू द्या

उन्हाळ्यात सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी दुधाळ दिसू लागलं, की पहिला हुकूम सुटतो तो ‘बॅकवॉश मारा’ असा, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून वाळू धुवा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच, म्हणून पुन्हा बॅकवॉश. काही ठिकाणी तर रोज सकाळी तो मारायचाच, असा नेम पडून गेलेला असतो. पाणी मात्र निवळत नाही. कित्येकदा ते या नेमामुळेच निवळत नाही.

फिल्टरच्या टाकीत साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची सिलिका वाळू असते. तिच्या दाण्यांमधल्या फटी ७०-८० मायक्रॉनच्या, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाएवढ्या. तरीही चांगला फिल्टर २० ते ४० मायक्रॉनचा मळ अडवतो. चहाच्या गाळणीचा हिशेब इथे चालत नाही. पाणी थरातून वळणं घेत खाली उतरताना बारीक कण दाण्यांवर आदळतात, रेंगाळतात, चिकटतात. आधी चिकटलेला मळ मागून येणाऱ्या मळाला धरून ठेवतो आणि फटी अरुंद होत जातात. म्हणून नुकती धुतलेली वाळू सगळ्यात कच्चं काम करते, थोडी मळलेली वाळू चोख करते. रोजच्या बॅकवॉशमध्ये तिला मळायला वावच मिळत नाही.

शिवाय पाण्याची नासाडी. ताशी ३० घनमीटर पाणी फिरवणाऱ्या फिल्टरला तीन मिनिटं उलटं धुतलं, की दीड हजार लिटर पाणी गटारात जातं. रोज हेच केलं तर महिन्याला ४५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेचार खेपा.

मग धुवायचं कधी? ते टाकीवरचा प्रेशर गेज सांगतो. वाळू स्वच्छ असतानाचा आकडा, समजा १२ पीएसआय, लिहून ठेवायचा. मळ साचेल तसा तो चढतो. आठ-दहा पीएसआयने चढला, की बॅकवॉश, त्याआधी नाही. धुताना बाहेर जाणारं पाणी दाखवणाऱ्या काचेत ते नितळ दिसेपर्यंत थांबायचं. मग व्हॉल्व्ह मिनिटभर ‘रिन्स’वर ठेवायचा, नाहीतर टाकीत राहिलेला मळ सरळ तलावात येतो.

आकडा उलट खाली घसरला असेल, तर वाळूला दोष देऊ नका. पंपापर्यंत पाणीच पुरेसं पोचत नाहीये. पंपाची जाळी पाल्याने भरली असेल, नाहीतर तलावाची पातळी उतरली असेल. परतीच्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर पंपाआधीच्या पाइपात कुठेतरी हवा शिरतेय.

खरा चकवा असतो तो आकडा ठीक आणि पाणी गढूळ असेल तेव्हा. दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचं असतं. त्यातलं कॅल्शियम वाळूवर बसतं, अंगाचं तेल आणि सनस्क्रीन त्यात मिसळतं आणि दाण्यांची ढेकळं होतात. पाणी मग ढेकळांना वळसा घालून, पोखरलेल्या वाटेने न गाळताच निघून जातं. पंप बंद करून, दाब सोडून झाकण उघडलं आणि वाळूत हात घातला, की ढेकळं हाताला लागतात. अशी वाळू बदललेलीच बरी. एरवीही पाच-सात वर्षांत ती बदलावी लागते. नवी वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरून घ्या. कोरड्या टाकीत पोती रिकामी केली, तर तळाच्या चिरा पाडलेल्या नळ्या मोडतात आणि वाळू थेट तलावात येऊ लागते.

दुसरा संशयित म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधलं रबर. पंप चालू असताना दांडा फिरवला, की ते फाटतं. मग मळकं पाणी वाळूला न भेटताच परत येतं किंवा सांडपाण्याच्या पाइपातून उगाच वाहत राहतं. रबर स्वस्त असतं, पण ते तपासायचं कुणाला सुचत नाही.

मातीचे अगदी बारीक कण वाळूलाही दाद देत नाहीत. त्यांच्यावर ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. हा गाळ मात्र व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून ओढून बाहेर टाका, फिल्टरवर घेतला तर वाळूच्या माथ्यावर त्याचा चिकट थर बसतो.

नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी जेमतेम पाच मायक्रॉनचा. तो वाळूतून निसटतो आणि नेहमीच्या क्लोरिनमध्ये कित्येक दिवस तगतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो पिण्याच्या पाण्यात शिरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. ते पाणीही वाळूच्या फिल्टरमधूनच आलेलं होतं. जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, ते यासाठी.

तुमच्या सोसायटीत तलाव असेल, तर पुढच्या सभेत एवढं विचारा: वाळू स्वच्छ असताना गेजवर किती आकडा असतो? उत्तर आलं नाही, तर पुढच्या बॅकवॉशनंतर लगेच तो बघून टाकीवरच ऑइलपेंटने लिहून घ्या.