जिंकलेली लढाई पुन्हा पुन्हा हरताना

नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘टर्मिनेटर : डार्क फेट’ प्रदर्शित झाला, तेव्हा या मालिकेवर जीव असलेल्यांनी पुन्हा एकदा आशा बांधली होती. कारणंही तशीच होती. पहिल्या दोन चित्रपटांचा कर्ता जेम्स कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला होता. लिंडा हॅमिल्टन २८ वर्षांनी सारा कॉनरच्या भूमिकेत मोठ्या पडद्यावर येणार होती. मधले तीन चित्रपट बाजूला ठेवून ही गोष्ट थेट १९९१ च्या दुसऱ्या भागाला जोडली जाणार होती. इतकी वर्षं जे मनापासून मागितलं होतं, ते सगळंच जणू मिळत होतं.

आणि पहिल्या काही मिनिटांतच जॉन कॉनर मारला गेला. साल १९९८, ग्वाटेमालाचा समुद्रकिनारा, ऊन, निवांत बसलेले मायलेक. मागून एक टर्मिनेटर चालत येतो, बंदूक रोखतो आणि सारासमोर तिच्या मुलाला गोळी घालतो. दोन चित्रपट ज्या पोरासाठी जिवाचं रान केलं गेलं, तो असा चुटकीसरशी संपतो. त्यानंतरचा चित्रपट वाईट नाही. त्यात चांगला अभिनय आहे, दमदार हाणामाऱ्या आहेत. पण त्या प्रसंगानंतर मन त्यात रमत नाही. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर तिथून पस्तीस वर्षं मागे जायला हवं.

‘द टर्मिनेटर’ ऑक्टोबर १९८४ मध्ये आला. कॅमेरॉन तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. रोममध्ये तापाने फणफणलेला असताना आगीतून बाहेर येणारा एक धातूचा सांगाडा त्याला स्वप्नात दिसला आणि त्यातून ही कथा सुचली. दिग्दर्शन आपल्यालाच करायला मिळावं म्हणून त्याने पटकथेचे हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्डला अवघ्या एका डॉलरला दिले. चित्रपटाचं अंदाजपत्रक ६४ लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चणे-फुटाणेच. तेवढ्यात त्याने रात्रीचं लॉस एंजेलिस, स्टॅन विन्स्टनने घडवलेला यांत्रिक सांगाडा आणि ब्रॅड फिडेलचं हातोड्याच्या ठोक्यांसारखं वाजणारं संगीत यांच्या जोरावर असा थरार उभा केला की आजही तो पाहताना पाय आखडतात.

गोष्ट साधी आहे. २०२९ साली यंत्रं माणसांविरुद्धचं युद्ध हरत आली आहेत, म्हणून ती भूतकाळात एक यांत्रिक मारेकरी, टर्मिनेटर, पाठवतात. माणसांचा नेता जॉन जन्मालाच येऊ नये, यासाठी त्याच्या होणाऱ्या आईला, साराला, मारायचं. तिला वाचवायला भविष्यातून काइल रीस येतो. तो नेत्याचा सैनिक असतो आणि शेवटी त्या नेत्याचा बापही तोच ठरतो. म्हणजे ज्याला रोखायचं, त्याच्या जन्माला यंत्रांची चालच कारणीभूत होते. चित्रपटाच्या शेवटी मेक्सिकोतल्या एका पेट्रोल पंपावर एक मुलगा साराचा फोटो काढतो. तोच फोटो काइलने भविष्यात जिवापाड जपलेला असतो. वर्तुळ पूर्ण होतं. तिथे नियतीतून कुणाची सुटका नाही. समोर आभाळ भरून आलंय आणि सारा त्याच दिशेने गाडी हाकते.

जुलै १९९१ मध्ये ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ आला आणि कॅमेरॉनने आपणच काढलेलं ते वर्तुळ तोडलं. खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला होता. तोवर इतका महागडा चित्रपट झाला नव्हता. पोलिसाच्या वेशातला, पाऱ्यासारखा वाहणारा टी-१००० हा टर्मिनेटर पाहून जगाने तोंडात बोटं घातली आणि चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. आपल्याकडे पुढे केबल घरोघरी पोहोचल्यावर आमच्या पिढीतल्या अनेकांनी तो तिथेच पाहिला आणि जाळीच्या गजांतून आरपार चालत जाणारा तो पोलीस कायमचा डोक्यात बसला.

पण या चित्रपटाचा जीव मला त्या पाऱ्यात दिसत नाही. तो दिसतो माइल्स डायसनच्या घरात. हा संशोधक पुढे ती घातक यंत्रणा, स्कायनेट, घडवणार आहे. सारा त्याला ठार मारायला निघते. रात्रीची वेळ, डायसन संगणकासमोर काम करत बसलाय, त्याच्या पाठीवर नेमबाजीचा लाल ठिपका स्थिरावतो. तेवढ्यात त्याच्या मुलाची रिमोटवरची खेळण्यातली गाडी येऊन त्याच्या पायाला धडकते. तो खाली वाकतो आणि गोळी हुकते. सारा घरात घुसते, तो जखमी होऊन जमिनीवर पडतो, मुलगा बापाच्या अंगावर झेपावतो, बायको गयावया करते आणि साराचा हात थिजतो. ती भिंतीला टेकून खाली बसते, रडते. अजून न घडलेल्या गुन्ह्यासाठी एका माणसाला त्याच्या घरात शिरून मारायला निघालेली ती स्वतः काय झाली आहे, हे तिला त्या क्षणी उमगतं.

पुढचं सगळं या क्षणातून येतं. डायसनला सत्य सांगितलं जातं आणि तो आपलं आयुष्यभराचं काम जाळायला स्वतः तयार होतो, त्यात जीवही देतो. माणूस ऐकू शकतो, बदलू शकतो, म्हणून भविष्य बदलू शकतं. २९ ऑगस्ट १९९७ या दिवशी ठरलेला विनाश टळतो आणि बॉम्बगोळ्यांचा त्यात फारसा वाटा नसतो. एक बाई गोळी झाडायची थांबते आणि एक माणूस आपला अहंकार सोडतो, तिथेच तो टळलेला असतो. अखेरीस या भागात त्यांच्या बाजूने लढणारा टर्मिनेटरही साराच्या हातून वितळत्या पोलादात संपणं पत्करतो, कारण त्याच्या डोक्यातली चिप उरली तर धोका उरेल.

कॅमेरॉनने आणखी एक शेवट चित्रित केला होता. २०२९ सालची हिरवीगार बाग, म्हातारी झालेली सारा, राजकारणात सिनेटर झालेला जॉन, खेळणारी नात. तो त्याने वगळला आणि त्याजागी रात्रीचा, हेडलाइटच्या उजेडात धावणारा रस्ता ठेवला. पुढे काय आहे ते दिसत नाही, पण जे असेल ते आपल्या हातात आहे, हा त्या रस्त्याचा अर्थ. माझ्या मते हा निर्णय अचूक होता. पण ज्यांच्या हाती पुढे या कथेचे हक्क आले, त्यांनी त्या मोकळ्या रस्त्यात फक्त आणखी एका भागाची सोय पाहिली.

दुसऱ्या भागाची निर्मिती करणारी कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे संस्थापक मारियो कसार आणि अँड्र्यू वायना यांनी पुढे या मालिकेचे हक्क पुन्हा मिळवले आणि जुलै २००३ मध्ये जोनाथन मोस्टोच्या दिग्दर्शनाखाली तिसरा भाग आला. कॅमेरॉन नाही, लिंडा हॅमिल्टनही नाही. सारा रक्ताच्या कर्करोगाने गेल्याचं एका संवादात सांगून टाकलं जातं. तिच्या शवपेटीत शस्त्रं भरलेली असतात. पहिल्या भागात ज्याच्या पावलांच्या आवाजाने धडकी भरायची, तो टर्मिनेटर इथे चांदणीच्या आकाराचा चष्मा डोळ्यांवर चढवून हशा मिळवतो.

तरीही या चित्रपटाच्या पदरात एक माप टाकायलाच हवं. त्याचा शेवट भेकड नाही. जॉन आणि त्याची साथीदार केट ज्याला स्कायनेटचं केंद्र समजून पोहोचतात, ते निघतं बड्या नेत्यांसाठी बांधलेलं जुनं तळघर. बाहेर अणुबॉम्ब पडू लागतात आणि रेडिओवर घाबरलेले आवाज येतात. तो प्रसंग अंगावर येतो. पण तो सांगतो काय? विनाश टळला नव्हता, फक्त लांबला होता. डायसनचं मरण, साराचं थांबणं, सगळ्याने मिळून काही वर्षं उसनी मिळाली, एवढंच.

निराशेची खरी सुरुवात इथे झाली. हक्क ज्याच्याकडे, त्याला नवा चित्रपट हवा. नवा चित्रपट हवा तर युद्ध हवं आणि युद्ध हवं तर साराने मिळवलेला विजय खोटा ठरवायला हवा. सुटलेलं गणित फळ्यावरून पुसून पुन्हा तेच मांडावं, तसं दर वेळी होत गेलं.

मे २००९ मधल्या ‘सॅल्व्हेशन’ने निदान वेगळी वाट धरली. मॅकजी या दिग्दर्शकाने आपल्याला थेट २०१८ च्या युद्धात नेलं, ख्रिश्चन बेल जॉन झाला. पहिल्या दोन भागांत या भविष्याची झलक तेवढी दिसली होती. कवट्यांवरून फिरणारी रणगाड्यांची चाकं, निळसर काळोख, उंदरांसारखी बिळांत राहणारी माणसं. नव्या चित्रपटात मात्र लख्ख उन्हातलं वाळवंट होतं आणि तरुण प्रेक्षकांना सहज प्रवेश मिळावा म्हणून हिंसेचे दातही काढून घेतलेले होते. भीती गेली ती गेलीच. हा चित्रपट काढणारी हॅल्सियन ही कंपनीही दिवाळखोरीत गेली आणि हक्क पुन्हा विकले गेले.

त्याच सुमारास, २००८ ते २००९ मध्ये, ‘द सारा कॉनर क्रॉनिकल्स’ ही मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर चालू होती. लीना हेडी त्यात सारा होती. पोराला वाढवणं, सतत पळणं, कुणावर विश्वास टाकायचा हे ठरवणं, यंत्राला माणूसपण शिकवता येतं का याचा शोध घेणं, अशा प्रश्नांवर थांबायची या मालिकेची तयारी होती. मूळ कथेच्या मनाला सर्वांत जास्त जवळ गेली ती हीच. ३१ भागांनंतर, ऐन वळणावर ती बंद करण्यात आली.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या ‘जेनेसिस’ने तर मुळावरच घाव घातला. १९८४ च्या चित्रपटातले प्रसंग हुबेहूब उभे केले आणि मग ते घडलेच नाहीत असं ठरवून टाकलं. टर्मिनेटरच्या भूमिकेतला, संगणकाने घडवलेला तरुण श्वार्झनेगर आणि खरा, पिकल्या केसांचा श्वार्झनेगर यांची झुंज पाहण्यासारखी आहे. पण जॉन कॉनरला, मानवजातीच्या आशेला, यंत्र करून टाकलं आणि ही कलाटणी जाहिरातीतच दाखवून टाकली. चित्रपटाने जगभरात ४४ कोटी डॉलर कमावले, त्यातले अमेरिकेतले जेमतेम ९ कोटी. ठरवलेले पुढचे दोन भाग बासनात गेले.

म्हणून ‘डार्क फेट’चं दुःख जास्त. आधीचे तीन परक्यांनी केलेले, असं म्हणून सोडून देता येत होतं. इथे तर घरचीच माणसं होती. स्कायनेट खरंच नष्ट झालं, असं हा चित्रपट मानतो, पण त्याजागी लीजन नावाची दुसरी यंत्रणा उभी राहते. डॅनी रामोस ही मेक्सिकोतली कामगार तरुणी स्वतः नेता असणं, कुणा नेत्याची आई नसणं, ही कल्पना सुंदर आहे. हॅमिल्टनच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत इतक्या वर्षांचा जाळ आहे. पण डॅनीला जागा करून देण्यासाठी जॉनला मारायची गरज नव्हती. जगभरातली कमाई २६ कोटी डॉलरवर थांबली. खर्च पाहता तो मोठा तोटा होता. पुढचे भाग झाले नाहीत.

अशा वेळी चाहत्यांना सुनावलं जातं की तुम्हाला बदल नको असतो, तुम्ही बालपण कवटाळून बसता. मला हे पटत नाही. दुसरा भाग स्वतःच केवढा मोठा बदल होता! खलनायकाला रक्षक केलं, होटेलात ट्रे उचलणाऱ्या घाबरट सारामधून योद्धा घडवली, नियतीची कथा निवडीची कथा केली. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. कारण त्या बदलाने पहिल्या भागातलं काहीच हिरावून घेतलं नाही. काइलचं मरण दुसऱ्या भागानंतर अधिक मोलाचं वाटतं. पुढच्या प्रत्येक चित्रपटानंतर मात्र मागचा कुणीतरी फुकट मेला, असं वाटत राहतं. ‘एलियन’ मालिकेच्या चाहत्यांनी हेच १९९२ मध्ये सोसलं. दुसऱ्या भागात नायिका रिप्लीने जिवावर उदार होऊन वाचवलेली छोटी न्यूट तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच मेलेली निघाली.

जुना भाग कपाटात तसाच आहे, तो पाहा, असंही म्हणतात. तो मी पाहतोच. पण कथा अशी सुटी सुटी राहत नाही. वितळत्या पोलादासमोर जॉन रडतो, तेव्हा ग्वाटेमालाचा तो किनारा आता मनात येतो आणि तो निर्धाराने बाजूला सारावा लागतो.

आज ही कथा पूर्वीपेक्षा गरजेची आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता रोजच्या कामात आली आहे, युद्धात माणसाशिवाय नेम धरणाऱ्या यंत्रांवर देशोदेशी चर्चा चालू आहे. अशा काळात यंत्रं आपल्याला मारणारच, एवढंच सांगणारे चित्रपट आपल्याला फक्त हताश करतात. १९९१ चा चित्रपट हताश करत नाही. यंत्र घडवणाऱ्याच्या घरी जा, त्याच्याशी बोल, त्याला थांबवता येतं, असं तो ठामपणे सांगतो. डायसन हा त्या चित्रपटातला आजचा सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे आणि ‘डार्क फेट’पर्यंतच्या पुढच्या पाचपैकी एकाही टर्मिनेटर कथेला, त्या दूरचित्रवाणी मालिकेचा थोडा अपवाद सोडता, त्याच्यासारखा माणूस पुन्हा मध्यभागी आणावासा वाटला नाही.

सातवा चित्रपट कधी आलाच, तर माझी मागणी एकच असेल. साराचा विजय खरा मानून सुरुवात करा. तिने वाचवलेल्या जगात नवी माणसं, नवं संकट, नवी निवड यांना भरपूर जागा आहे. त्यासाठी कॉनर घराण्यातल्या कुणाला पुन्हा जन्माला घालायला नको की पुन्हा मारायला नको. एवढी हिंमत नसेल तर चित्रपट काढूच नका. संपलेल्या कथेचा मान राखणं हेही कथाकाराचंच काम आहे.